पाठीएवढी गार जागा

१

नर्स एल्स्पेथने अंगातला कोटही काढला नाही. आमच्या स्वयंपाकघरात चुलीजवळ उभी राहून तिने वही उघडली आणि म्हणाली, "अठरा अंश, मिसेस स्वॉन्सन. खोली दिवसभर अठराच्या वर राहिली तरच त्यांना घरी सोडतील. साडेसतरा चालणार नाहीत."

"आणि नाही राहिली तर?"

"तर इनव्हरनेसजवळच्या शुश्रूषागृहात जागा आहे. चांगलं आहे ते. बागबिग आहे."

शंभर मैल. मला गाडी चालवता येत नाही. आणि आमच्या या उत्तर टोकाच्या किनाऱ्यावरून तिकडे गेलेलं एकही माणूस चालत परत आलेलं मी पाहिलेलं नाही.

माझ्या नवऱ्याने, गिल्बर्टने, चाळीस वर्षं खेकड्यांचे सापळे टाकले. समुद्राने त्याचं काही बिघडवलं नाही, छातीनेच दगा दिला. पाच आठवडे तो हॉस्पिटलात होता आणि आता नाकात नळी घातल्याशिवाय त्याला श्वास पुरत नव्हता. हवेतून ऑक्सिजन काढणारं एक यंत्र घरी मिळणार होतं; पण ते आलं की घरात विस्तव नको. चूल नको, शेगडी नको, लाल तार पेटणारा हीटरसुद्धा नको. आमच्या घराला तर दीडशे वर्षं चुलीचीच सवय. दलदलीतून कापून वाळवलेली पीटची ढेकळं जाळायची आणि तिच्याभोवती हिवाळा काढायचा. गॅसची नळी आमच्यापर्यंत कधी आलीच नाही.

आदल्या दिवशी भेटीची वेळ संपल्यावर गिल्बर्टने माझी बाही धरली होती. सोडेनाच. मी त्रेसष्ट वर्षांची, तरी तो मला पोरीच म्हणायचा.

"पोरी," तो म्हणाला, "मला परक्या छताखाली मरायला लावू नकोस."

"मरायच्या गोष्टी कोण करतंय?"

"मीच. दुसरं काम काय आहे इथे?"

मी हसले, आणि बाहेर बसथांब्यावर येऊन ढसाढसा रडले.

२

डॉड मोवाट हा आमच्याकडचा वीजवाला. गिल्बर्टबरोबर एकाच बाकावर बसून शाळा बुडवलेला. त्याने समुद्राकडची पुढची खोली फूटपट्टीने मोजली, भिंतींवर बोटाने टकटक केली आणि तोंड वाकडं केलं.

"दोन भिंती बाहेरच्या. दोन खिडक्या. ही खोली नाही इशबेल, ही होडी आहे."

"मला अठरा अंश हवेत, डॉड. बाकी काही सांगू नकोस."

"सांगायलाच पाहिजे. निवडायचं तुला आहे." तो जमिनीवर फतकल मारून बसला. "ऐक. हा जो साठवणीचा हीटर असतो ना, त्याच्या पोटात विटा असतात. जड विटा, लोखंडासारख्या. रात्री साडेअकरानंतर वीज स्वस्त होते, तेव्हा तो ती खातो आणि विटा तापवून ठेवतो. दिवसभर मग हळूहळू ती ऊब सोडतो. झळ नाही, ज्वाळा नाही. नुसती खोलीत ऊब राहते. तुला पाहिजे तसंच. पण खोलीपेक्षा लहान घेतलास तर दुपारी तीनला तो मेलेला असणार. आणि एकदा रिकामा झाला की दुसऱ्या रात्रीपर्यंत काही करता येत नाही. ओरड, लाथ मार, काही नाही."

"मग मोठा दे."

"मोठा नवीन आठ आठवड्यांनी येईल."

"शुक्रवारी सोडताहेत त्याला."

डॉडने डोकं खाजवलं. त्याच्याकडे एक लहान नवा हीटर होता, तो खिडकीखाली बसला असता. आणि शेडमध्ये एक मोठा जुना होता, कुणाच्या तरी घरातून काढलेला.

"कुणाच्या?"

"सुट्टीला येणाऱ्या लोकांचं घर आहे. त्यांनी नवीन काहीतरी बसवलं. तिथे कुणी मेलंबिलं नाही, तेच विचारायचंय ना तुला?"

"तसं नाही रे."

"तसंच आहे. आमची आजीपण उसनी खुर्ची घेताना हेच विचारायची."

गुरुवारी त्याने दोन्ही बसवले. मोठा हीटर आतल्या भिंतीला, गिल्बर्टच्या पलंगापासून दोन हातांवर. एकेक वीट त्याने गाडीतून वाहून आणली, चोवीस विटा. मग चुलीचं नळकांडं काढून धुराड्याचं तोंड सिमेंटने बंद केलं, म्हणजे वारा आत शिरायला नको. मोठ्या हीटरला वर दोन बटणं होती. डावं, रात्री किती घ्यायचं त्याचं. उजवं, दिवसा किती द्यायचं त्याचं.

"उजवं दुपारपर्यंत बंद ठेव," डॉड म्हणाला. "नाहीतर संध्याकाळी माणसाला ऊब लागते तेव्हा याच्या पोटात काही नसेल. आणि वर कपडे वाळत घालू नकोस."

शुक्रवारी सकाळी खोलीत वीस अंश होते. एल्स्पेथने वहीत तसं लिहिलं, आणि दुपारी गिल्बर्ट घरी आला.

३

पहिला आठवडा मी देवाचे आभार मानण्यात घालवला. सकाळी सातला उठायचं, अंधारातच. विजेच्या हॉटप्लेटवर चहा टाकायचा. पुढच्या खोलीत जाऊन दोन्ही हीटरांवर तळहात ठेवायचा, मग भिंतीवरचा थर्मामीटर बघायचा, मग गिल्बर्ट. या क्रमाचं तो भांडवल करायचा.

"आधी लोखंडाला हात, मग नवऱ्याला."

"लोखंड कुरकूर करत नाही."

"करतं की. ऐक."

खरंच करायचं. तापलेला पत्रा निवताना टिक, टिक असा आवाज यायचा. यंत्राची घरघर आणि ती टिकटिक, खोलीत दुसरा आवाज नसायचा. नऊला उजाडायचं आणि साडेतीनला पुन्हा काळोख.

दुसऱ्या मंगळवारी मी मोठ्या हीटरवरून हात फिरवला तेव्हा एका ठिकाणी तो दचकला. चटका बसल्यासारखाच दचकला, पण चटका नव्हता. तिथे गार होतं.

वरचा पत्रा गरम. दोन्ही कडा गरम. मध्ये, जमिनीपासून हातभर उंचीवर, एक जागा नळाखालच्या भांड्यासारखी गार. मी दोन्ही तळहातांनी तिची कड चाचपडत गेले. वर रुंद, खाली किंचित निमुळती. वरच्या टोकाला, थोडं अंतर सोडून, आणखी एक वाटीएवढी गार जागा.

मी गुडघ्यांवर बसले होते. हात खाली घेतले तेव्हा लक्षात आलं की जमिनीवर बसून कुणी पाठ टेकली, डोकं मागे टेकलं, तर नेमकं एवढंच झाकलं जाईल.

मग मी स्वतःशीच म्हटलं, इशबेल, शहाणी हो. आत वीट तडकली असेल. उठले आणि लापशी ढवळायला गेले.

४

डॉडने पुढचा पत्रा उघडला. विटा सगळ्या धड. त्यांच्यामधल्या तारा सगळ्या धड. त्याने दोनदा तपासलं.

"काही झालेलं नाही याला."

"मग गार कसा?"

"कुठे आहे गार?"

मी दाखवायला हात ठेवला. पत्रा सगळीकडे सारखाच कोमट होता. डॉड मऊ आवाजात म्हणाला, "झोप होते का गं तुझी?"

झोप होत नव्हती, हे खरं. म्हणून मी माझ्यावरच विश्वास ठेवला नाही. पण दुसऱ्या सकाळी ती जागा परत होती. आणि होती तिथे नव्हती. वीतभर उजवीकडे सरकली होती, पलंगाच्या बाजूला. तडकलेली वीट सरकते का? मी शिसपेन्सिल घेतली आणि गार जागेच्या कडेने पत्र्यावर बारीक रेघ ओढली. गुरुवारी ती रेघेच्या बाहेर होती. शुक्रवारी आणखी.

आणि हीटर रिकामा होऊ लागला. उजवं बटण पूर्ण बंद असूनसुद्धा सकाळी अकरा वाजेपर्यंत त्यातला जीव गेलेला असायचा. थर्मामीटर एकोणीसवरून अठरा, मग सतरा. एल्स्पेथ सोमवारी येणार होती. मी दारांच्या फटीत टॉवेल कोंबले, खिडक्यांवर घोंगड्या ठोकल्या. माझी गादी उचलून बाहेरच्या भिंतीला उभी केली आणि स्वतः सतरंजीवर झोपले. अठराचा आकडा मला ताटात दिसायचा, आरशात दिसायचा.

शनिवारी दुपारी मी मेलेल्या हीटरपुढे बसून रागाने त्याच्यावर हात आपटला. मागून गिल्बर्ट म्हणाला, "त्याला ओरडू नकोस."

"कुणाला? हीटरला?"

"तिथे बसलाय ना, त्याला. बसू दे. गारठलाय बिचारा."

मी मान वळवली नाही. हीटरपासून माझे गुडघे वीतभर लांब होते. "कोण बसलाय?"

"मला काय ठाऊक? मान गुडघ्यांत घातलीये. तोंड दिसत नाही."

एल्स्पेथने मला बजावलं होतं की ऑक्सिजन कमी पडला की माणूस काहीबाही बरळतो, मनावर घेऊ नका. मी नळी तपासली. यंत्राचा काटा तपासला. सगळं बरोबर होतं. गिल्बर्टचे डोळे स्वच्छ होते. चेहरा त्याचा नेहमीचा, धक्क्यावर ओल्या अंगाने आलेल्या कुठल्याही माणसाला घरी जेवायला घेऊन यायचा तेव्हाचा.

"गिल्बर्ट, तिथे कुणी नाही."

"बरं," तो म्हणाला. मला बरं वाटावं म्हणून म्हणाला.

मी उठले तेव्हा माझ्या स्कर्टची पुढची बाजू गार पडलेली होती, दोरीवरून काढलेल्या दमट कपड्यासारखी.

५

रविवारीच मी डॉडला बोलावलं. "काढ तो. आत्ता."

"आणि खोली?"

"तुझ्याकडे तेल भरलेला, चाकांचा हीटर आहे ना? तो दे. दिवसभर चालवीन. वीज महाग पडली तर पडू दे."

तो बडबडत आला. पण एरवी माझ्याशी वाद घालणारा माणूस, माझा चेहरा बघून कामाला लागला. चोवीस विटा पुन्हा गाडीत गेल्या. रिकामा पत्र्याचा खोका त्याने एकट्याने उचलून नेला. भिंतीवर नुसता फिकट चौकोन राहिला. मी जमीन पुसली, त्या जागी तेलाचा हीटर ढकलला आणि त्याच्या सगळ्या पात्यांवरून हात फिरवला. गरम. सगळीकडे गरम.

सोमवारी एल्स्पेथ आली तेव्हा थर्मामीटरवर एकोणीस होते. तिने माझ्या खांद्यावर थाप मारली.

"शाब्बास. मला वाटलं नव्हतं तुम्हाला जमेल."

मग ती गिल्बर्टकडे वळली आणि त्याचं मनगट धरलं. तिचा हसरा चेहरा हळूहळू उतरत गेला. तिने त्याच्या कानात थर्मामीटर घातला, पुसला, पुन्हा घातला.

"पस्तीस पूर्णांक दोन. मिस्टर स्वॉन्सन, तुम्हाला थंडी वाजतेय का?"

"थोडी. चालायचंच. दोघांत एक पांघरूण म्हणजे थोडी वाजणारच."

एल्स्पेथने माझ्याकडे पाहिलं. मी पलंगाकडे पाहत होते. गिल्बर्ट पार खिडकीकडच्या कडेला सरकून झोपला होता, कूस वळवायला जागा नाही इतका. अर्धा पलंग मोकळा होता. आणि पांघरूण, भिंतीच्या बाजूचं पांघरूण, त्याने हाताने नीट पसरून ठेवलं होतं. कुणाच्या अंगावर घालतात तसं.

"गरम पाण्याच्या पिशव्या द्या," एल्स्पेथ मला बाहेर नेऊन म्हणाली. "लोकरीची टोपी घाला. गरम सूप पाजा. मी उद्या सकाळी नऊला येते. पस्तीसच्या खाली गेलेले असले तर मी रुग्णवाहिका बोलावणार, आणि मग ते परत इथे यायचे नाहीत. तुम्ही समजून घ्या."

मी चार पिशव्या भरल्या. त्याच्या पायाशी, पोटाशी, दोन्ही कुशींना ठेवल्या. पंधरा मिनिटांत चारही गार. त्यातलं पाणी मोरीत ओतताना माझ्या बोटांना मुंग्या आल्या. पुन्हा भरल्या. पुन्हा तेच. खोलीत एकोणीस अंश होते आणि माझा नवरा माझ्या डोळ्यांदेखत निवत होता.

माझंच चुकलं, हे मला तेव्हा कळलं. ते बिचारं लोखंडाला टेकून बसलं होतं, विटांचं खात होतं. मीच त्याची जागा काढून घेतली. मग त्या खोलीत त्याच्यासाठी ऊब धरून ठेवणारं दुसरं काय उरलं होतं?

६

"काल काढ म्हणालीस, आज बसव म्हणतेस," फोनवर डॉड म्हणाला.

"डॉड, तुझ्या पाया पडते. काही विचारू नकोस."

तो अडीच वाजता आला. मी त्याला काही सांगितलं नाही. पण एरवी खोलीकडे पाठ करून शिट्टी वाजवत काम करणारा डॉड त्या दिवशी आडवा बसला, एका डोळ्याने पलंग दिसेल असा. शिट्टी नाही. शेवटचा पत्रा स्क्रूने बसवून त्याने डावं बटण पूर्ण फिरवलं.

"हे बघ, इशबेल. रात्री साडेअकराला वीज येईल तेव्हा हा तापायला लागेल. हाताला जाणवायला एक वाजेल. त्याच्या आधी मी काही म्हणजे काही करू शकत नाही."

"आत्ता चार वाजलेत."

"ठाऊक आहे मला." दारात तो थांबला. गिल्बर्टकडे बघून मोठ्याने म्हणाला, "येतो रे, म्हाताऱ्या! सापळे तसेच राहिलेत तुझे!" गिल्बर्टचे ओठ हलले, आवाज आला नाही. डॉड गाडीत जाऊन बसला, पण बराच वेळ गाडी सुरू करायचा आवाज आला नाही.

पाच वाजता मी गिल्बर्टच्या कानात थर्मामीटर घातला. पस्तीस.

मी बूट काढले. अंगात होतं त्याच्यावर आणखी दोन स्वेटर चढवले. पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिले आणि त्या मोकळ्या अर्ध्या भागाकडे बघत राहिले. तिथे काहीच नव्हतं. उशीवर एक खोलगट खळी होती, उशीवर असते तशी. मला वाटलं, लोक ऐकतील तर म्हणतील, झोप नसलेली एक बाई, तिचा मरायला टेकलेला नवरा, आणि सगळं काही तिच्या मनाचं. म्हणू देत. मन म्हणा नाहीतर आणखी काही, मला साडेसहा तास काढायचे होते.

मी पांघरूण उचललं आणि मध्ये शिरले, गिल्बर्ट आणि त्या जागेच्या मध्ये. गिल्बर्टला दोन्ही हातांनी कवटाळलं. त्याची बरगडी न् बरगडी लागत होती.

"पोरी, तू त्याला ढकललंस," तो पुटपुटला.

"गप्प झोप."

आणि मग माझ्या पाठीला पाठ लागली.

हात नाही, श्वास नाही. नुसती पाठ. मणके लागले मला, एकाखाली एक. स्वेटरांतून, कातडीतून, सरळ आत. विहिरीत सोडलेल्या पोहऱ्यासारखी मी आतून खाली खाली जात राहिले. ते कुडकुडत होतं. इतकं जोरात की पलंगाची कडी वाजत होती, आणि मला आधी वाटलं की मीच कुडकुडतेय.

मला किंचाळायचं होतं. पण मी जे बोलले ते हलक्या आवाजात बोलले, पोरक्या जनावराशी बोलतात तसं. "त्याच्याकडून घेऊ नकोस. त्याच्यापाशी उरलेलं नाही. माझ्याकडून घे. साडेअकरापर्यंत माझ्याकडून घे, मग विटा आहेत."

समोर खिडकी होती. तीन-चार दिवसांपूर्वी ठोकलेली घोंगडी एका कोपऱ्यातून सुटून लोंबत होती, आणि तेवढ्या काळ्या काचेत दिवा दिसत होता, पलंग दिसत होता. गिल्बर्टची लोकरीची टोपी. माझं कपाळ. आणि माझ्या खांद्यापलीकडे, तोंड पलीकडे करून, एक डोक्याचा मागचा भाग. आखूड केस, ओले. एक कान, मेणासारखा.

मी डोळे मिटले ते उघडले नाहीत.

किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. बोटं गेली, मग पाय गेले. एवढंच आठवतं की कुडकुडणं हळूहळू कमी होत गेलं. आणि एकदा, दमलेला माणूस बसमध्ये शेजाऱ्यावर रेलतो तसा त्याने सगळा भार माझ्यावर टाकला. मला त्याची दया आली. त्या दयेची मला त्याच्यापेक्षा जास्त भीती वाटली.

मग भिंतीकडून टक् असा आवाज आला. साडेअकराची वीज आली होती. आणखी बऱ्याच वेळाने गादी माझ्या मागे सावकाश वर उचलली गेली, कुणी उठून गेल्यावर येते तशी.

सकाळी नऊला एल्स्पेथने गिल्बर्टच्या कानातून थर्मामीटर काढला. "छत्तीस पूर्णांक एक! सूप चांगलं दिसतंय तुमचं." मी हीटरला टेकून उभी होते. गार जागा पुन्हा पत्र्यावर आली होती, माझ्या गुडघ्याजवळ. मी पाय बाजूला घेतला.

७

गिल्बर्ट मार्चच्या अठरा तारखेपर्यंत जगला. आपल्या पलंगावर, समुद्र दिसणाऱ्या खिडकीजवळ, खोलीत अठराच्या वर असताना गेला. फेब्रुवारीत डॉडने आणखी एक मोठा नवा हीटर आणून पलीकडच्या भिंतीला लावला होता. खोलीला गरज नाही, असं तो एकदाच म्हणाला. जुना मी तसाच ठेवला, डावं बटण कायम पूर्ण. त्याच्या जवळून जाताना वळसा घालून जायचे. दोन महिने आम्ही तिघं असे एका घरात राहिलो, आणि माणसाला कशाचीही सवय होते हे मी शिकले. जाण्याच्या आदल्या दिवशी गिल्बर्टने मला हॅडक मासा मागितला आणि दोन घास खाल्लाही. यंत्र परत गेलं. लोक आले, केक घेऊन आले, गेले. डॉड म्हणाला, आता एवढ्या विजेची काय गरज, एक तरी बंद करू या. मी म्हटलं, राहू दे.

परवा ईशान्येचं वादळ आलं. एप्रिल लागलाय, पण आमच्याकडे बर्फाला कॅलेंडर कळत नाही. परवा संध्याकाळी खांब पडले आणि वीज गेली. त्या रात्री हीटरांनी काही खाल्लं नाही. काल दिवसभर पोटात होतं ते त्यांनी दिलं. काल रात्रीही वीज आली नाही. कंपनीच्या माणसाने आधी उद्या म्हटलं, मग परवा. डॉडने फोन केला होता. रस्ता उघडला की व्हॅन घेऊन येतो, तोवर जाड कपडे घालून बस म्हणाला. चूल नाही. धुराडं सिमेंटने बंद आहे. उरलेलं पीट बाहेर बर्फाखाली आहे आणि ते जाळायला जागा नाही.

आत्ता संध्याकाळचे सात वाजलेत. उजेड आहे अजून, बर्फामुळे नेहमीपेक्षा जास्तच. मी थोड्या वेळापूर्वी पुढच्या खोलीत गेले आणि हीटरवर हात ठेवला. डावीकडून उजवीकडे फिरवला, वरून खाली, मग गुडघे टेकून पुन्हा एकदा, रेघेच्या आत आणि रेघेच्या बाहेर.

पत्रा सगळीकडे सारखाच गार आहे. आतापर्यंत हात फिरवला की तो कुठे बसलाय ते मला कळायचं. आता कळत नाही.

मी दार लावून स्वयंपाकघरात आले आहे. पलंगावर जाणार नाही. खुर्ची भिंतीला लावून, पाठ भिंतीला घट्ट टेकवून बसले आहे, म्हणजे मागे कुणाला जागा राहायला नको. भिंत गार आहे. या घरात सगळंच गार आहे. फक्त मी अजून थोडी कोमट आहे, आणि स्वेटरच्या आत, मांडीवर धरलेले माझे दोन्ही हात आत्ता कुणीतरी जवळ येऊन बसावं तसे, एका बाजूने, निवायला लागले आहेत.